प्रत्येक संकेताचा वेगळा रुमाल: ‘एपिक्स आर्काइव्हर अप्लायन्स’चे परीक्षण

कणत्वरकाच्या, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, नियंत्रण कक्षात ‘डेटाबेस’ हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. लॉस अ‍ॅलामॉस आणि अरगॉन या दोन अमेरिकी प्रयोगशाळांच्या सहकार्यातून घडलेल्या एपिक्स या नियंत्रण प्रणालीत डेटाबेस म्हणजे आयओसी म्हटल्या जाणाऱ्या संगणकाच्या मेमरीत चालू असलेल्या रेकॉर्डांचा संच होय. मॅग्नेटच्या पॉवर सप्लायचा करंट दाखवणारे रेकॉर्ड ठरलेल्या अंतराने उपकरणाकडून आकडा वाचते, त्याचे अँपिअरमध्ये रूपांतर करते, इशाऱ्याच्या मर्यादांशी तो ताडून पाहते आणि फरक पडला असेल तर नेटवर्कवरील ऐकणाऱ्यांना कळवते. नेटवर्कवरून नावाने मागता येणाऱ्या अशा प्रत्येक मूल्याला पीव्ही म्हणतात. हा डेटाबेस फक्त आत्ताचे जाणतो. काल रात्री काय होते हे त्याला विचारून उपयोग नाही. कालचे सांगणारा डेटाबेस निराळा असतो, आणि त्यासाठीच स्लॅक प्रयोगशाळेने ब्रुकहेवन व मिशिगन स्टेट विद्यापीठ यांच्या साथीने तयार केलेल्या ‘आर्काइव्हर अप्लायन्स’ या मुक्तस्रोत प्रणालीचे हे परीक्षण आहे. आमच्या प्रयोगशाळेत ती काही वर्षे चालू आहे. तिच्या आधी आम्ही रिलेशनल डेटाबेसवर आधारलेली व्यवस्था वापरत होतो, त्यामुळे तुलना करण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

जुन्या व्यवस्थेविषयी आधी सांगितले पाहिजे, कारण अप्लायन्सची रचना तिच्याच अडचणींतून समजते. रिलेशनल व्यवस्थेत एका टेबलात पीव्हींची नावे व त्यांचे क्रमांक असतात आणि ‘सॅम्पल’ नावाच्या दुसऱ्या, अवाढव्य टेबलात प्रत्येक नोंदीसाठी क्रमांक, वेळ, नॅनोसेकंद, इशाऱ्याची पातळी आणि मूल्य अशी एकेक ओळ जमा होते. रचना स्वच्छ आहे आणि एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा येणाऱ्या कोणालाही ती पहिल्या दिवशी कळते. परंतु सेकंदाला एकदा बदलणारा एकच पीव्ही वर्षाला 3 कोटी 15 लाखांहून अधिक ओळी तयार करतो, आणि त्वरकात असे पीव्ही हजारोंनी असतात. या सर्व ओळी आल्या त्या क्रमाने एकमेकींत मिसळून साठत असल्यामुळे एका पीव्हीचा वर्षभराचा आलेख मागितला की डिस्कवर विखुरलेल्या असंख्य ठिकाणांहून त्या वेचाव्या लागतात. इंडेक्स, म्हणजे कोणती ओळ कुठे आहे याची सूची, मदत करतो, पण काही काळाने तो इंडेक्सच मेमरीत मावेनासा होतो. मग टेबलाचे तुकडे म्हणजे पार्टिशन पाडणे, जुने महिने दुसरीकडे हलवणे आणि दर सुट्टीत टेबलाची डागडुजी करणे हे उद्योग सुरू होतात. त्यात आमची बरीच वर्षे गेली.

अप्लायन्सने घेतलेला मूलभूत निर्णय असा की नोंदी रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवायच्याच नाहीत. मायएसक्यूएल हा रिलेशनल डेटाबेस त्यात आहे, पण फक्त कोणता पीव्ही कसा साठवायचा या मांडणीपुरते. प्रत्यक्ष नोंदी साध्या फाइलींत जातात आणि एका पीव्हीसाठी, एका कालखंडासाठी एक स्वतंत्र फाइल असते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत, त्याची मला इथे नेहमी आठवण होते: सगळे कागद एका ढिगात टाकून वर सूची करण्यापेक्षा प्रत्येक विषयाचा रुमाल वेगळा बांधला, तर शोधणाऱ्याला नेमका तोच सोडावा लागतो. नियंत्रण कक्षातला प्रश्न बहुधा याच जातीचा असतो. बीम, म्हणजे कणांचा झोत, गेला तेव्हा त्या क्वाड्रुपोल मॅग्नेटचा करंट काय होता, किंवा गेल्या पावसाळ्यापासून या निर्वात राखणाऱ्या आयन पंपाचा दाब कसा चढत गेला, असे एक संकेत आणि एक कालावधी घेऊनच माणसे येतात. या प्रश्नांसाठी ही रचना इतकी चपखल आहे की पूर्वी चहा घेऊन येईपर्यंत न उमटणारा वर्षभराचा आलेख आता समोर उभे असतानाच उमटतो.

फाइलीची आतली घडण पाहण्यासारखी आहे. नोंदी प्रोटोकॉल बफर या गुगलने प्रसिद्ध केलेल्या आटोपशीर द्विमान स्वरूपात लिहिल्या जातात, पण प्रत्येक नोंद एका ओळीवर असते. मूल्यातच ओळ तोडणारे चिन्ह आले तर ते बदलून लिहिले जाते. फाइलीच्या पहिल्या ओळीत पीव्हीचे नाव, मूल्याचा प्रकार आणि वर्ष असते, आणि पुढच्या नोंदींत पूर्ण तारखेऐवजी फक्त वर्षारंभापासूनचे सेकंद व नॅनोसेकंद लिहून जागा वाचवली जाते. म्हणूनच कोणतीही फाइल एका वर्षाची सीमा ओलांडू शकत नाही. नोंदी काळाच्या चढत्या क्रमानेच असतील याची हमी असल्यामुळे वाचणारा प्रोग्राम फाइलीच्या मधोमध उडी मारतो, पुढची ओळ जिथे सुरू होते ती जागा पकडतो, तिची वेळ पाहतो आणि उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करतो. वेगळ्या इंडेक्सची गरज उरत नाही. शिवाय फाइल अर्धवट लिहिलेली राहिली, तरी फार तर शेवटची ओळ वाया जाते. बाकीची शाबूत राहते.

साठवण तीन टप्प्यांत होते. ताज्या नोंदी तासातासाच्या फाइलींत, बहुधा मेमरीतच केलेल्या आभासी डिस्कवर जातात. तिथून त्या दिवसादिवसाच्या फाइलींत जलद डिस्कवर आणि शेवटी वर्षाच्या फाइलीत मोठ्या, संथ साठवणीवर पोहोचतात. हे सरकवण्याचे काम करणारा भाग, नोंदी गोळा करणारे इंजिन, आलेखांसाठी नोंदी परत देणारा भाग आणि व्यवस्थापनाचा भाग असे चार स्वतंत्र जावा वेब अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालतात. या विभागणीचा प्रत्यक्ष फायदा असा की एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने पाच वर्षांचा डेटा एकाच झटक्यात मागून परत देणाऱ्या भागाला धाप लावली, तरी गोळा करणारे इंजिन आपल्या कामात मग्न राहते. मात्र ताज्या नोंदी मेमरीत असल्यामुळे सर्व्हरची वीज अचानक गेली तर शेवटचा काही भाग जातो, आणि वीज गेल्यानंतरच ‘जाण्यापूर्वी काय झाले’ हे सर्वांना हवे असते. रीतसर बंद केल्यास अप्लायन्स मेमरीतल्या नोंदी पुढच्या टप्प्यात हलवून ठेवू शकते, म्हणून या सर्व्हरला चांगला यूपीएस आणि वेळेवर शटडाउन करणारी व्यवस्था हवीच, हे मी खर्चाच्या पहिल्या पानावर लिहीन.

नवा पीव्ही नोंदवण्याची पद्धत मला विशेष आवडली. नावांची यादी वेबपानावर चिकटवली की अप्लायन्स लगेच साठवणे सुरू करत नाही. आधी काही वेळ तो पीव्ही ऐकून सेकंदाला किती बदल येतात आणि किती बाइट लागतात हे मोजते. मग पायथॉनमध्ये लिहिलेल्या धोरणाच्या फाइलीतून त्या पीव्हीला कोणता नियम लावायचा ते ठरते. हे धोरण प्रत्येक प्रयोगशाळेने आपले आपण लिहायचे असते, आणि आठ दिवस त्यावर वाद घालण्यात घालवले तर ते सत्कारणी लागतात. इशाऱ्याच्या मर्यादांची फील्डे, म्हणजे रेकॉर्डातले रकाने, मूळ पीव्हीच्या प्रवाहातच सोबत साठवता येतात, ही सोयही मोलाची आहे. सर्वांत वरच्या मर्यादेच्या फील्डला आम्ही सारे ‘हायहाय’ म्हणतो, त्यामुळे नियंत्रण कक्षातले आमचे बोलणे बाहेरून ऐकणाऱ्याला मोर्चा निघाल्यासारखे वाटते, हे जाता जाता.

आता उणिवांकडे. त्यातल्या काही अप्लायन्सच्या आहेत, पण ज्यांनी आम्हाला खरे छळले त्या आयओसीवरच्या आमच्या स्वतःच्या डेटाबेसच्या होत्या.

एपिक्सच्या रेकॉर्डात ‘एडेल’ नावाचे फील्ड असते. मूल्य त्याहून अधिक बदलले तरच आर्काइव्हला कळवायचे, असा त्याचा अर्थ. तापमानाच्या रेकॉर्डांसाठी आम्ही ते 0.01 ठेवले होते. कोणीतरी, म्हणजे मीच, त्या नमुन्यावरून निर्वात मापकांची रेकॉर्डे तयार केली आणि हे फील्ड तसेच राहून गेले. बीमच्या नळीतला दाब 10⁻⁹ मिलिबारच्या आसपास असतो. तो हजार पटींनी वाढला तरी 0.01 चा फरक पडत नाही, त्यामुळे कित्येक महिने त्या मापकांची एकही नवी नोंद झाली नाही आणि आलेखावर सुरेख आडवी रेषा दिसत राहिली. निर्वात उत्तम आहे असे समजून आम्ही समाधानात होतो. दाब अनेक दशमान पायऱ्यांवर हलतो, तिथे ठोक फरकाची अट मुळातच कुचकामी ठरते. आता आम्ही वेगळ्या गणन रेकॉर्डात दाबाचा लॉगरिथम काढून त्याची नोंद ठेवतो. अप्लायन्स यात निर्दोष होते, पण ‘हा पीव्ही संशयास्पद रीतीने गप्प आहे’ असे ते आपण होऊन कानात सांगत नाही.

घड्याळांचेही तसेच. नोंदीची वेळ आयओसी ठरवते, अप्लायन्स नाही. एपिक्सचे कालमापन 1 जानेवारी 1990 पासून सुरू होते, म्हणून वेळ न मिळालेल्या आयओसीकडून किंवा कधीच प्रक्रिया न झालेल्या रेकॉर्डाकडून 1990 ची तारीख असलेली नोंद येते आणि अप्लायन्स ती टाकून देते. फार पुढच्या काळातली किंवा आधीच लिहिलेल्या नोंदीहून जुनी वेळ आली तरी तेच. चढत्या क्रमाची हमी टिकवायची असेल तर दुसरा मार्ग नाही हे पटते, पण एखाद्या आयओसीचे घड्याळ चुकून पुढे जाऊन मागाहून दुरुस्त झाले, तर मधल्या काळातल्या खऱ्या नोंदींवर पाणी सोडावे लागते. अशा टाकलेल्या नोंदींचा अहवाल व्यवस्थापनाच्या पानावर मिळतो. तो रोज पाहावा.

नावांच्या बाबतीत अप्लायन्स कठोर आहे. पीव्हीच्या नावातील विसर्गासारखी दोन टिंबे आणि संयोगचिन्हे यांच्या जागी ते फोल्डर पाडते, म्हणजे नावाची पद्धत हीच डिस्कवरची मांडणी होते. विभाजक कोणते हे सुरुवातीलाच ठरवावे लागते. नोंदी सुरू झाल्यावर ते बदलले तर जुन्या फाइली सापडणार नाहीत. ज्यांनी नावांची शिस्त आधीपासून पाळली, त्यांचे फोल्डर नीटनेटके होतात. ज्यांनी प्रत्येक गटाला हवी तशी नावे देऊ दिली, त्यांच्या एकाच फोल्डरात हजारो फाइली कोंबल्या जातात. पीव्हीचे नाव किंवा प्रकार बदलायचा तर आधी त्याची नोंद थांबवून मग बदलाचा आदेश द्यावा लागतो. आयओसीवर गुपचूप दशांशाचे पूर्णांक केले तर नव्या प्रकारच्या नोंदी नाकारल्या जातात.

अप्लायन्सची खरी मर्यादा वेगळ्याच जागी आहे. ‘बीमचा करंट अमुकपेक्षा जास्त असताना दाब तमुकच्या वर गेला असे सगळे क्षण दाखवा’ हा प्रश्न जुन्या टेबलांना, कण्हतकुंथत का होईना, एसक्यूएलमध्ये विचारता येत असे. इथे मूल्यावरून शोध घेता येत नाही. दोन्ही पीव्हींच्या नोंदी जेसन या मजकुराच्या स्वरूपात मागवून पायथॉनमध्ये जुळवाव्या लागतात. तासाची सरासरी हवी असेल तर पीव्हीच्या नावाभोवती ‘मीन_3600’ असे लिहून सर्व्हरकडूनच ती मिळते, आणि त्याने पुष्कळ भागते. पण विश्लेषणासाठी लागणारे सगळे तेवढ्यात संपत नाही. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने आपल्या नोंदींची ओरॅकल डेटाबेसवरची जुनी व्यवस्था सोडून हडूप या अनेक संगणकांवर डेटा पसरवणाऱ्या प्रणालीवर उभारलेली एनएक्सकॅल्स स्वीकारली, त्यामागे विश्लेषणाची ही भूक होती. तेवढे प्रचंड काही पोसण्याची ताकद लहान संस्थेत नसते. टँगो ही दुसरी नियंत्रण प्रणाली वापरणाऱ्या संस्थांची ‘एचडीबी प्लसप्लस’ ही नोंदव्यवस्था मात्र टाइमस्केल या, पोस्टग्रेस नावाच्या रिलेशनल डेटाबेसच्या विस्तारावर चालू शकते आणि तिथे एसक्यूएलची सोय टिकून राहते. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी टँगो निवडले गेले आहे, त्यामुळे त्या परिसरातल्या अभियंत्यांना ती वाट अधिक जवळची वाटेल. उलट गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या संथ नियंत्रणात एपिक्स आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहिली की एपिक्सच्या रेकॉर्डांशी झटापट करणारी मराठी मंडळी वाढतील असे दिसते.

अनेक सर्व्हरांचा समूह करता येतो आणि कोणत्याही सर्व्हरला विचारले तरी उत्तर मिळते, परंतु याचा अर्थ एक बंद पडला तर दुसरा त्याचे पीव्ही आपोआप सांभाळतो असा घेऊ नये. समूह भार वाटून घेण्यासाठी आहे. राखीव व्यवस्था हवी असेल तर दुसरा स्वतंत्र सर्व्हर समांतर चालवावा. दोनतीनशे पीव्हींच्या छोट्या चाचणी मांडणीसाठी मी अप्लायन्स सुचवणार नाही. चार अ‍ॅप्लिकेशन, टॉमकॅट आणि मायएसक्यूएल यांची देखभाल तिथे डोईजड होते, आणि पोस्टग्रेसमधले एक नीट टेबल पुरते. काही हजारांच्या पुढे मात्र मला आज यापेक्षा भरवशाचे, आणि परवाना शुल्क नसलेले, दुसरे काही दिसत नाही. दस्तऐवज पुरेसे आहेत, फक्त ते जावा येणाऱ्यासाठी लिहिल्यासारखे वाटतात. त्वरकाच्या यंत्रणेतून आलेल्या माणसाला पहिली मांडणी करताना जाणकार सोबती लागतो.

निर्वात मापकांच्या त्या प्रकरणानंतर आमच्याकडे सोमवारी सकाळी दोन अहवाल छापले जातात: सध्या तुटलेले पीव्ही, आणि प्रत्येक पीव्हीची शेवटची नोंद केव्हाची आहे त्याची जुन्यापासून लावलेली यादी. दुसऱ्या यादीतल्या वरच्या वीस नावांसमोर संबंधित गटाच्या माणसाने ‘खरेच स्थिर’ किंवा ‘तपासले’ असे लिहून सही करायची असते. मागच्या महिन्यात त्यात एक जलप्रवाह मापक सापडला. त्याची तार कोणीतरी उंदराने आमच्या आधी तपासली होती.