व्यायामाचा प्रकार आणि माणसाचा पिंड: निवड करणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा 75 ते 150 मिनिटे जोमदार व्यायाम करावा आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा. माणूस बोलका असो वा अबोल, काटेकोर असो वा ऐसपैस, या हिशोबात त्याला सूट मिळत नाही. नव्याचे नऊ दिवस सरल्यावरही ही मिनिटे भरली जावीत यासाठी ती कशी भरायची, हे ठरवताना मात्र स्वभावाचा विचार करावा लागतो. जिम, समूहवर्ग, एकट्याने धावणे, पोहणे, सांघिक खेळ आणि घरच्या घरी व्यायाम यांपैकी कोणता मार्ग धरावा, असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

मानसशास्त्रात स्वभावाचे वर्णन करण्यासाठी पाच घटकांची चौकट सर्वाधिक वापरली जाते: बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, चिंता आणि ताण चटकन जाणवण्याची प्रवृत्ती, नावीन्याची ओढ आणि इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केल्यावर बहिर्मुख आणि कर्तव्यदक्ष माणसे काहीशी अधिक सक्रिय आढळली आहेत, तर काळजीखोर माणसे काहीशी कमी. मात्र हे संबंध खरे असले तरी फार बळकट नाहीत. त्यामुळे चार-पाच प्रश्न विचारून ‘तुमच्यासाठी पोहणे’ असा शिक्का मारणाऱ्या चाचण्या करमणूक म्हणून सोडवायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर जिमचे वर्षाचे शुल्क भरू नये. माझ्या मते व्यायामप्रकारांची नावे क्षणभर बाजूला ठेवून प्रत्येक पर्याय आपल्याला किती दमवतो, कोणाच्या सोबतीने होतो, किती बांधून ठेवतो आणि किती मोजमाप करायला लावतो, एवढे तपासावे. एकटीने पहाटे रमतगमत धावणारी व्यक्ती आणि गटाबरोबर घड्याळ लावून चढावर धावणारी व्यक्ती दोघीही धावतच असतात, पण दोघींना लागणारा स्वभाव सारखा नसतो.

यांपैकी दमण्याचा मुद्दा सर्वांत निर्णायक असूनही निवड करताना तोच सर्वांत कमी विचारात घेतला जातो. कष्टाच्या तीव्रतेबद्दल माणसामाणसात दोन बाबतींत फरक असतो: त्याला किती तीव्रता आवडते आणि न आवडणारी तीव्रता तो किती सोसू शकतो. व्यायामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पँटेलाइमन एक्केकाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक मोजणारी प्रश्नावली 2005 साली मांडली. याच अभ्यासपरंपरेतून असेही दिसले आहे की श्वास जड होऊन बोलणे तुटू लागते त्या मर्यादेच्या अलीकडे बहुतेकांना व्यायाम करताना बरे वाटते आणि ती मर्यादा ओलांडल्यावर बहुतेकांची मनःस्थिती घसरते. ही मर्यादा ओळखण्यासाठी उपकरण लागत नाही. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तोवर तीव्रता मध्यम आहे असे समजावे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागले, तर ती जोमदार झाली.

आता दोन टोकांचे पर्याय शेजारी ठेवून पाहू. एका बाजूला थोड्या वेळात खूप दमवणारा व्यायाम आहे. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या 1996 सालच्या अभ्यासातून प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत 20 सेकंद जीव तोडून श्रम आणि 10 सेकंद विश्रांती अशा आठ फेऱ्या, म्हणजे अवघी चार मिनिटे असतात. कागदावर हा सौदा फार स्वस्त वाटतो. प्रत्यक्षात पाचव्या फेरीच्या सुमारास मांड्या पेटलेल्या असतात, दहा सेकंदांची विश्रांती श्वास घेण्यापूर्वीच संपते आणि पुढची शिटी नकोशी वाटते. त्या क्षणी ज्याला चेव येतो त्याने हा मार्ग जरूर धरावा, पण ज्याच्या मनात ‘उद्या येणार नाही’ असे येते त्याच्यासाठी चार मिनिटांची बचत महागात पडते. दुसऱ्या बाजूला 40-45 मिनिटांचे झपाझप चालणे, सावकाश धावणे किंवा एका लयीत पोहणे आहे. त्यात वेळ अधिक जातो, पण मन मोकळे राहते. विचारांत रमणाऱ्या माणसाला ही मोकळीक हवीहवीशी वाटते, तर चटकन कंटाळणाऱ्याला तीच शिक्षा वाटते.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2025 साली प्रसिद्ध केलेला आठ आठवड्यांचा अभ्यास येथे उपयोगी पडतो. सायकलिंग आणि ताकदीच्या व्यायामाच्या या कार्यक्रमात बहिर्मुख व्यक्तींना अधिक तीव्रतेची सत्रे आवडली. काळजीखोर स्वभावाच्या व्यक्तींना दीर्घकाळ ताणून धरलेल्या श्रमापेक्षा मधे उसंत असलेले छोटे टप्पे मानवले आणि ताणतणावात ठळक घट झाली तीही त्यांच्यातच. याचा अर्थ असा की ज्या माणसाचा व्यायामाकडे ओढा कमी, त्याला त्याचा मानसिक लाभ कदाचित अधिक. मात्र अशा माणसाने थेट कमाल तीव्रतेपासून सुरुवात करू नये, कारण धडधडणारी छाती, घाम आणि धाप ही लक्षणे घाबरल्यावरही तशीच दिसतात आणि ज्याला आधीच धास्ती वाटते तो शरीराचा हा स्वाभाविक प्रतिसाद धोक्याची खूण समजून बसतो. टप्प्याटप्प्याने वाढ केल्यास हीच लक्षणे ओळखीची होतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा इतर जुने दुखणे असेल, तर तीव्रतेचा निर्णय स्वभाव पाहून न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा.

सोबतीच्या बाबतीत सहसा सरळसोट सल्ला दिला जातो, की बोलक्यांनी गटात जावे आणि अबोलांनी एकटे राहावे. मला तो अपुरा वाटतो. सोबतीचे परिणाम निदान तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येक माणसाला ते तिन्ही सारखेच हवे असतात असे नाही. पहिला परिणाम चढाओढीचा: मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1898 सालीच नोंदवले होते की सायकलस्वार एकटे असताना जेवढ्या वेगाने जातात, त्याहून अधिक वेगाने ते इतरांबरोबर शर्यत करताना जातात. दुसरा परिणाम आपल्यावाचून कोणाचे तरी अडेल या जाणिवेचा: 1920 च्या दशकात जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोहलर यांनी रोइंग करणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की जोडीतील दुबळा भिडू एकट्यापेक्षा जोडीत अधिक वेळ तग धरतो, आणि दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असला की हा परिणाम सर्वाधिक जाणवतो. तिसरा परिणाम मात्र उलटा असतो, तो म्हणजे चारचौघांत आपल्याकडे कोणी पाहत आहे या संकोचाचा.

म्हणून समूहवर्ग, एक जोडीदार आणि एकट्याचा व्यायाम यांची तुलना अशी करता येते. समूहवर्गात वेळ ठरलेली असते, संगीत असते, पुढे काय करायचे हे दुसरा सांगतो. निर्णय घेण्याचा कंटाळा असणाऱ्याला ही मोठी सोय आहे, पण वर्गाची गती मधल्या माणसाला धरून ठरते, त्यामुळे नवखा फरफटतो आणि मुरलेला रेंगाळतो. जोडीदारासोबतचा व्यायाम इतरांना दुखवणे ज्यांच्या जिवावर येते त्यांना फार मानवतो: कोणीतरी कोपऱ्यावर उभे आहे, एवढ्या कारणासाठी ते अंथरूण सोडतात. यातली मेख अशी की जोडीदाराने येणे थांबवले की आपलेही थांबते. म्हणून दोघांपेक्षा तिघे-चौघे बरे. एकट्याने व्यायाम करणाऱ्याला ना कोणाची वाट पाहावी लागते ना कोणाला कारण द्यावे लागते, पण शिस्त मात्र पूर्णपणे आपलीच लागते. ज्याला माणसे आवडतात पण संकोचही वाटतो, त्याच्यासाठी चालण्याचा लहान गट हा बहुधा योग्य मध्य ठरतो, कारण तेथे शेजारी चालणाऱ्याचे लक्ष बोलण्याकडे असते, आपल्या हालचालीकडे नसते. सांघिक खेळाबद्दल एवढेच सांगतो की त्यात वेळेचे भान उरत नाही, दम चांगला वाढतो, पण खेळाडू जमले नाहीत तर दिवस वाया जातो आणि ताकदीच्या व्यायामाची गरज खेळाने सहसा पूर्ण होत नाही.

व्यायामाने किती बांधून ठेवावे, या प्रश्नावर कर्तव्यदक्ष आणि नावीन्यप्रिय ही दोन माणसे एकमेकांसमोर उभी राहतात. पहिल्याला आराखडा द्या आणि बाजूला व्हा. त्याच्या वहीत ‘स्क्वॉट, 40 किलो, तीन सेट, प्रत्येकी आठ’ अशी नोंद असते, पुढच्या आठवड्यात तेथे साडेबेचाळीस किलो दिसतात, आणि तो वाढलेला आकडा त्याला कोणाच्याही शाबासकीपेक्षा मोलाचा वाटतो. ताकदीचा व्यायाम आणि धावण्याचे टप्पेवार कार्यक्रम अशा माणसासाठीच जणू बनलेले आहेत. जोश क्लार्क यांनी 1996 साली तयार केलेल्या, नवख्याला नऊ आठवड्यांत पाच किलोमीटरपर्यंत नेणाऱ्या कार्यक्रमातही आठवड्याचे तीन दिवस आणि दर दिवशीची मिनिटे नेमून दिलेली असतात. कर्तव्यदक्ष माणसाचा धोका वेगळा आहे: विश्रांतीचा दिवस त्याला कामचुकारपणा वाटतो आणि गुडघा कुरकुरत असतानाही तो आराखडा पाळत राहतो.

नावीन्यप्रिय माणसाला तोच कार्यक्रम तिसऱ्या आठवड्यात तुरुंगासारखा वाटू लागतो. त्याने आज नृत्य, उद्या टेकडी, परवा बॅडमिंटन असे केले तर दम वाढण्यात फारसा अडथळा येत नाही, कारण हृदय आणि फुप्फुसे त्या कष्टाचा लाभ व्यायामाचे नाव न विचारता घेतात. ताकदीचे तसे नसते. स्नायूंवरचा भार हळूहळू वाढवायचा, तर त्याच मोजक्या हालचाली काही आठवडे टिकवाव्या लागतात, नाहीतर आपण पुढे सरकलो की नाही हेच कळत नाही. अशा व्यक्तीने ताकदीचे दोन दिवस अपरिवर्तनीय मानावेत आणि उरलेले दिवस लहरीवर सोडावेत, ही तडजोड मला सर्वांत व्यवहार्य वाटते.

ज्यांच्याकडे ना शिस्त आहे ना नावीन्याची ओढ, अशा आरंभशूरांसाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली ‘अमुक झाले की तमुक करीन’ या साच्यातील योजना उपयोगी पडते: ‘आठवड्यात तीनदा व्यायाम करीन’ असे म्हणण्याऐवजी ‘संध्याकाळी बूट काढण्यापूर्वी वीस मिनिटे चालून येईन’ असे ठरवावे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे 66 दिवस लागले, पण माणसामाणसांत हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता आणि एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात लक्षणीय बाधा आली नाही.

मोजमापाबद्दल थोडक्यात. घड्याळातील आकडे ईर्ष्या असलेल्या माणसाला पुढे ढकलतात आणि काळजीखोर माणसाला पोखरतात. वर उल्लेख केलेल्या 2025 सालच्या अभ्यासातही काळजीखोर व्यक्तींना आपल्या हृदयगतीची नोंद ठेवणे कमी रुचले. दिवसाला 10,000 पावलांचे बहुचर्चित लक्ष्यसुद्धा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून रूढ झाले आहे, त्यामुळे ते हुकले म्हणून रात्री खोलीत येरझाऱ्या घालण्याची गरज नाही. वेळेचेही तसेच: पहाटे उठवत नसेल तर पहाटेचा वर्ग लावू नये, मग तो कितीही चांगला असो.

खऱ्या माणसात हे गुण एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून निवडही मिश्रच होते. बोलका पण विस्कळीत माणूस असेल, तर ठरलेल्या वेळेचा समूहवर्ग आणि सांघिक खेळ हे घरच्या व्यायामापेक्षा उजवे. काटेकोर पण काळजीखोर असेल, तर घरी किंवा जिमच्या शांत वेळेत, लहान टप्प्यांत, वहीतील नोंदींसह पण हृदयगती न मोजता केलेला व्यायाम. अबोल आणि चटकन कंटाळणारा असेल, तर टेकडी, पाणी आणि सायकल यांची आलटूनपालटून निवड, जोडीला ताकदीचे दोन ठरलेले दिवस.

कोणताही पर्याय सहा आठवडे करून पाहावा आणि त्या काळात वजनापेक्षा एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे: दिवस वाईट गेला असतानाही आपण गेलो का. उत्तर नाही असेल, तर व्यायामप्रकार टाकून देण्यापूर्वी त्याची एकच अट बदलावी. पोहण्याचा कंटाळा आला असेल, तर आधी कोणाच्या तरी सोबतीने पोहून पाहावे. जिम नकोशी झाली असेल, तर तीव्रता एक पायरी उतरवून आणखी दोन आठवडे द्यावेत. आणि दोन अटी बदलूनही पाय उचलत नसेल, तर मगच दुसरा व्यायामप्रकार शोधावा.