दोन सर्व्हेंच्या उंचींची तुलना: जवळचा बिंदू की त्रिकोणी पृष्ठभाग?

एकाच जमिनीचे दोन सर्व्हे झाले, तरी दोन्हींत उंची मोजलेले बिंदू नेमके एकाच जागी सहसा पडत नाहीत. मग उंचीतला फरक काढायचा कसा?

सोपा मार्ग म्हणजे नव्या बिंदूला सर्वांत जवळचा जुना बिंदू शोधून वजाबाकी करणे. स्प्रेडशीटमध्येही जमते. सपाट जमिनीवर चालून जाते, उतारावर मात्र फसवते. १० मीटरला १ मीटर असा उतार असेल आणि दोन बिंदूंत उताराच्या दिशेने २ मीटर अंतर असेल, तर जमीन तसूभर न हलताही २० सेंटिमीटर फरक दिसतो! भरावाचा हिशोब यावर करणे मला धोक्याचे वाटते.

दुसरा मार्ग जुन्या बिंदूंचे त्रिकोण जोडून पृष्ठभाग बनवण्याचा. नवा बिंदू ज्या त्रिकोणात पडेल, तिथली उंची काढून फरक घ्यायचा. उतार आपोआप हिशोबात येतो. मी हाच निवडतो. फक्त बांध, नाल्याच्या कडा यांच्या रेषा त्रिकोण जोडण्याआधी आखून द्याव्यात, नाहीतर त्रिकोण नाला बुजवून टाकतात. सीमेवरचे लांबट त्रिकोणही काढून टाकावेत.

दोन्हींआधी बेंचमार्क, म्हणजे ज्यावरून उंची मोजली तो ठरलेला संदर्भबिंदू, तपासा. एक सर्व्हे समुद्रसपाटीपासूनचा आणि दुसरा जीपीएसच्या लंबगोलापासूनचा (जीपीएस पृथ्वीचा जो गणिती आकार धरते, त्यापासूनचा) असेल, तर फरक कित्येक मीटरांचा येतो.