जुन्या पार्टांतून लोको जमवायचं की नवीन चेसिसवर बॉडी चढवायची?

मॉडेल रेल्वेच्या खोक्यात दोन-तीन बंद पडलेली छोटी इंजिनं, एक तडकलेली बॉडी आणि चार सुट्ट्या बोग्या (डबे नव्हे, इंजिनाखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटी) साठल्या की हात शिवशिवायला लागतात. मग प्रश्न पडतो की ह्याच मालातून आपलं वेगळं लोको उभं करायचं का नवीन मोटरवाली चेसिस आणून त्यावर थ्रीडी प्रिंटची बॉडी बसवायची. मी दोन्ही करून बघितलंय आणि माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णय चेसिस बघून घ्या, बॉडी बघून नाही. बरेच जण बॉडी आवडली म्हणून सुरुवात करतात आणि नंतर तिच्याखाली काहीच बसत नाही म्हणून सगळं परत खोक्यात जातं.

पहिलं स्केल बघा, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या किती पट लहान आहे ते. एचओ हे स्केल १:८७ आणि ओओ १:७६, पण दोन्ही १६.५ मिमीच्याच रुळावर धावतात, त्यामुळे जुन्या मालात दोन्हींचे पार्ट मिसळलेले असतात आणि चाकं रुळावर बसली की वाटतं जमलं. ओओची केबिन एचओच्या हुडला (केबिनपुढच्या अरुंद इंजिनखोक्याला) लावून बघा, अंगापेक्षा बोंगा मोठा! मग व्हर्नियरने एक्सलमधलं अंतर आणि दोन बोग्यांच्या पिव्हटमधलं (बोगी ज्या बिंदूवर वळते त्यामधलं) अंतर मोजा. पिव्हटमध्ये एखादा मिमी इकडेतिकडे चालतो, पण तीन एक्सलच्या बोगीच्या जागी दोन एक्सलची टाकली तर कुणालाही दिसतं.

जुन्या चेसिसचं सुख म्हणजे वजन. धातूचं कास्टिंग असतं, त्यामुळे चाकं घसरत नाहीत, डबे व्यवस्थित ओढतं. पण दुखणी पण तिथेच. माझं एक इंजिन ठराविक अंतराने ठक ठक करत उचकायचं, मी दोन आठवडे रुळाला शिव्या घालत आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासत बसलो. शेवटी एक्सल काढून भिंगाखाली धरला तर प्लास्टिकच्या गिअरला केसाएवढी चीर. एक्सलवर घट्ट बसवलेला गिअर कालांतराने तडकतो, चिरेपाशी दोन दातांमधली फट वाढते आणि तो दात पुढच्या गिअरमध्ये दर फेरीला अडकतो. चिकटवून उपयोग नाही, बदलायचाच. आणि जस्ताच्या मिश्रधातूचं कास्टिंग फुगलेलं, भेगाळलेलं दिसलं तर सरळ टाकून द्या, धातूतच शिशासारखी अशुद्धी असते म्हणून ते आतून सडतं, त्याला औषध नाही.

डीसीसीवर (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) चालवायचं असेल तर अजून एक भानगड. बऱ्याच जुन्या मोटरींचा एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) थेट चेसिसला टेकलेला असतो, तसाच डीकोडर, म्हणजे ते हुकूम वाचून मोटर चालवणारी चिप, जोडला की गेला बिचारा. मोटरच्या दोन्ही टोकांपासून चेसिसपर्यंत मल्टीमीटर लावा, बीप आली तर आधी मोटर वेगळी करा. शिवाय जुनी उघडी मोटर करंट जास्त खाते, लोको हाताने दाबून थांबवलं की किती घेते ते मोजूनच डीकोडर निवडा.

नवीन चेसिसमध्ये हा सगळा ताप नाही, हळू स्पीडला मस्त चालते, डीकोडरचं सॉकेट पण बहुतेक वेळा असतं. पण मग कष्ट वर सरकतात. प्रिंटच्या थरांच्या रेषा जाईपर्यंत प्रायमर, पॉलिश पेपर, परत प्रायमर. बॉडी हलकी, म्हणून आत वजन भरावं लागतं, आणि भिंती जाड असल्या की अरुंद हुडमध्ये चेसिस शिरतच नाही, ते आधी मोजा. प्रिंट रेझिनची असेल तर प्लास्टिक सिमेंट चालत नाही, कारण ते पॉलिस्टायरीन (तयार मॉडेलच्या बॉडीचं नेहमीचं प्लास्टिक) विरघळवून जोडतं, इथे सुपरग्लू नाहीतर इपॉक्सी.

वाफेचं इंजिन सुट्ट्या पार्टांतून पहिल्याच झटक्यात नको. दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये (चाकावर दांडा जिथे जोडतात त्या खिळ्यांमध्ये) ९० अंशांचा फरक असतो, एखादं चाक एक्सलवर जरा जरी फिरलं की चाकांना जोडणारे दांडे अडकतात, मग बसा.

मला विचाराल तर पहिलं लोको म्हणून जुनं, पण आज चालणारं डिझेल इंजिनाचं मॉडेल आणि पॉलिस्टायरीनच्या दोन बॉड्या कापून जोडलेली बॉडी. रोज तासन्‌तास डीसीसीवर पळवायचं असेल तर मात्र नवीन चेसिस घ्या. जुनी घेतली तर ती बॉडीशिवाय दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास पळवा, मगच करवत हातात घ्या, आणि काप दरवाजाच्या किंवा पॅनेलच्या रेषेवर मारा, म्हणजे पुट्टी कमी लागते.