जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? माझे ७,४७,८३९ रुपये कुठे गेले ते आधी वाचा

आधी पोटभर हसून घ्या. मी बँकेत कर्ज विभागात आहे, बावीस वर्षं. लोकांची कागदपत्रं तपासणं हीच माझी भाकरी. सातबाऱ्यावर एक फेरफार राहिला असेल तरी मी फाइल परत पाठवतो. आणि मीच भर शोरूममध्ये, एसीत बसून, त्यांचा चहा पीत पीत एक झिजलेली टॅक्सी खासगी गाडी म्हणून विकत घेतली.

हे रस्त्याकडेच्या एजंटचं काम नव्हतं, ही गोष्ट माझ्या बाजूनं लिहून ठेवा. पुण्यातली डीलरशिप आहे. काचेचे दरवाजे, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं, भिंतीवर ‘२०० पॉइंट चेक’चा बोर्ड. घरगुती मालकाकडून घेतली तर नंतर कोणाला धरायचं, म्हणून मुद्दाम डीलरकडे गेलो. चार पैसे जास्त देऊन निर्धास्त व्हायचं, असा माझा शहाणा हिशोब. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. गाडीच्या कंपनीचंही लिहीत नाही, तिचा यात दोष नाही.

गाडी २०२१ ची, मीटरवर ४१,३०० किलोमीटर. चार्जिंग फुल, स्क्रीनवर रेंज २१२ किलोमीटर. ‘डॉक्टरांची गाडी आहे सर, घर ते दवाखाना.’ हे डॉक्टर प्रत्येक जुन्या गाडीचे पहिले मालक कसे असतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

पैसे असे गेले. गाडीची किंमत ६,८५,०००. त्यात टोकन २१,००० यूपीआयनं, ५,६९,००० आरटीजीएसनं आणि ९५,००० रोख. वर ‘आरटीओ आणि पेपर’चे १८,५००, बॅटरीच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचे २४,९९९ आणि विम्याचे १९,३४०. रोखीचं विचाराल तर, हो, दिले. ‘तेवढा जीएसटी वाचेल सर’ असं सेल्समन म्हणाला, म्हणून दिले. जानेवारी २०२५ पासून डीलरनं विकलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो त्याच्या मार्जिनवर, म्हणजे घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतल्या फरकावर. पूर्ण रकमेवर नाही. म्हणजे वाचला असेल तर कर त्याचा वाचला. मी फक्त माझ्या ९५ हजारांचा पुरावा जाळला. बँकेत असून. एक रुपयाही रोख देऊ नका, भाऊ सांगत असला तरी देऊ नका.

आता ती पाच मिनिटं. ही मी रात्री अडीच वाजता छताकडे बघत पुन्हा पुन्हा पाहतो.

गाडी बघायला आई बरोबर होती. वय ७१, वाईची, चाकाच्या बाबतीत तिला सायकलपलीकडे काही कळत नाही असं आम्ही समजतो. ती मागे डावीकडे बसली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, ‘आरं, या गाडीत मागं लई माणसं बसून गेल्यात.’ मी हसलो. सेल्समनही हसला. ‘आजी, डॉक्टरांची फॅमिली मोठी होती.’

ती खरं सांगत होती. ड्रायव्हरशेजारची सीट नवीकोरी, मागच्या सीटचा डावा कोपरा मात्र दबलेला. मागचा डावा दरवाजा बाकी तिघांपेक्षा सैल, त्याच्या आतल्या हँडलचा खरखरीतपणा पार गेलेला. कोणत्या खासगी गाडीत सगळ्यात जास्त मागचा डावा दरवाजा उघडतो? स्वतःची गाडी असली की माणूस पुढे बसतो. मागे डावीकडे बसतं ते भाडं.

तेवढ्यात आईचं बोट खांबावर गेलं, पुढच्या आणि मागच्या दरवाजामधल्या. तिथे दोन छोटी काळी प्लास्टिकची बुचं होती. ‘हे काय रं?’ तिनं विचारलं. सेल्समन म्हणाला, ‘मुलांसाठी टॅबचा स्टँड लावला होता सर.’ मी मान डोलावली. २०१९ पासून टॅक्सीत जीपीएस ट्रॅकर आणि प्रवाशांसाठी लाल पॅनिक बटण सक्तीचं आहे. मी आठवड्यातून दोनदा कॅबनं फिरतो, ते बटण शंभर वेळा पाहिलंय, नेमकं त्याच जागी. बुचाच्या मागे काय होतं हे माझ्या डोळ्यांना माहीत होतं, डोक्यानं विचारलं नाही. कारण डोकं तोवर ईएमआय काढत होतं.

नंबरप्लेटही कोरी, चार वर्षांच्या गाडीवर. खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं, टॅक्सीला त्याच हिरव्यावर पिवळी. पाटी नवी का, विचारलं. ‘बंपर बदलला होता.’ तेही गिळलं.

परिवहनचं ॲप बघितलं होतं की! तेवढा मूर्ख मी नाही. पण ॲपवर मालकाचं नाव चांदण्यांनी झाकलेलं असतं आणि गाडीचा प्रकार आजचा दिसतो. डिसेंबरात टॅक्सीची खासगी करून घेतली होती, म्हणून फेब्रुवारीत मला ‘मोटार कार’ दिसलं. जुनी विमा पॉलिसी मागितली असती तर त्यावर ‘पॅसेंजर कॅरिंग’, म्हणजे प्रवासी वाहतुकीची गाडी, असं छापलेलं असतं. मागितली नाही. तुम्ही मागा. ‘हरवली’ म्हणाले तर उठून या.

पहिला महिना मी खूश होतो, हे सांगताना आता कान गरम होतात. कंपनीच्या माहितीप्रमाणे घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर २० ते १०० टक्के व्हायला आठेक तास लागायला हवेत. माझी पाच तासांत फुल! ऑफिसात मी सांगत फिरलो, चार्जिंग काय फास्ट आहे. अहो, घागर लवकर भरते म्हणजे ती लहान झालेली असते. हे तिसरीतलं पोरगं सांगेल.

एप्रिलमध्ये आईला घेऊन साताऱ्याला मामांकडे निघालो. हायवेला लागल्यावर काटा ८० च्या वर जाईना. पाय पूर्ण दाबला तरी ८०. बायको म्हणाली, काहीतरी बिघाड आहे. मी म्हटलं, इको मोड असेल. टॅक्सीला ८० चा वेगमर्यादक असतो आणि डीलरमहाशयांनी तोही काढला नव्हता. त्यांची टेस्ट ड्राइव्ह चार किलोमीटरची, सर्व्हिस रोडवर. तिथं ८० कोण नेणार?

शिरवळला ४६ टक्के होते. खंबाटकी चढायला लागलो आणि आकडा उतरला तो लिफ्टसारखा. ३८, मग २९, मग एकदम ११, आणि स्क्रीनवर कासवाचं चित्र. मागे ट्रकांचे हॉर्न. आई रस्त्याकडेच्या दगडावर पदर डोक्यावर घेऊन बसली, ऊन मी म्हणत होतं. टोइंगवाला आला, ४,५०० रुपये घेतले. गाडीत डोकावला, बुचाला हात लावला आणि म्हणाला, ‘साहेब, टॅक्सी होती ना ही?’ दहा सेकंदांत. आई माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये १,१८० रुपये भरून बॅटरीची तपासणी करून घेतली. आरोग्य, म्हणजे नवीच्या तुलनेत उरलेली क्षमता, ६५ टक्के, एक मॉड्यूल (बॅटरीतला सेलचा गट) बाकीच्यांपेक्षा फारच कमकुवत, म्हणून चढावर दम सुटतो. चेसिस नंबर टाकला तर शेवटच्या सर्व्हिसची नोंद १,६८,४१२ किलोमीटरची. मीटर मागे फिरवला होता. बॅटरीची मूळ वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. म्हणजे माझ्या हातात येण्याआधीच ती मेली होती. नवी बॅटरी ४,६२,००० रुपये. आणि लेखी द्या म्हटल्यावर मॅनेजर म्हणतो, ‘स्क्रीन दाखवतो, लिहून देता येणार नाही, पहिल्या मालकाचा डेटा आहे.’ माझी गाडी, माझं १,१८० चं बिल, आणि डेटा त्याचा! मी स्क्रीनचा फोटो काढला तो त्याची पाठ वळल्यावर.

डीलरनं मला दिलेल्या रंगीत सर्टिफिकेटवर बॅटरीचं आरोग्य ९४ टक्के आहे. त्यावर चेसिस नंबर नाही, तारीख नाही, तपासणाऱ्याची सही नाही. असा कागद एखाद्या कर्जदारानं माझ्या टेबलावर ठेवला असता तर मी त्याला काय म्हटलं असतं, ते इथे लिहिता येणार नाही.

चार्जिंगला लागलेले विजेचे युनिट मोजा. स्क्रीनवरचे टक्के आणि रेंज दोन्ही अंदाज आहेत, युनिट हा हिशोब आहे. माझ्या गाडीची बॅटरी नवी असताना २५ युनिटची. २० ते १०० म्हणजे २० युनिट, वर दहाएक टक्के वाया, म्हणजे सबमीटरवर २२ दिसायला हवेत. माझ्याकडे १४.६. डीलरला सांगा, गाडी २० टक्क्यांवर आणा, मीटर असलेल्या चार्जरवर माझ्यासमोर भरा. त्यात अर्धा दिवस जातो. माझी तर वर्षं चाललीत. ‘सर, एवढं कोणी करत नाही’ म्हणतील, आणि त्यांचं खरंही असेल. आम्ही करत नाही म्हणूनच त्यांचे काचेचे दरवाजे.

२४,९९९ ची वॉरंटी? पान तीनवर बारीक अक्षरात: बॅटरीची क्षमता कमी होणं समाविष्ट नाही. मग बॅटरीच्या वॉरंटीत बॅटरीचं होतं काय? डबा.

आता सरकारी पायऱ्या. डीलरनं ‘आहे त्या स्थितीत’ या कलमावरची माझी सही दाखवून हात वर केले, म्हणून पोलीस चौकीत गेलो. तिथून ठाण्यात, ठाण्यातून परत चौकीत, कारण ‘हद्द त्यांची’. हवालदारसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘हे दिवाणी आहे.’ मी म्हटलं, मीटर फिरवून विकणं म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ते म्हणाले, ‘मीटर त्यांनीच फिरवला हे कशावरून? तुम्ही पण फिरवला असेल.’ मी! स्वतःच्या गाडीचा मीटर मागे नेऊन स्वतःविरुद्ध तक्रार करायला आलो! तक्रार अर्ज घेतला, पोच द्यायला तीन खेपा लागल्या. गुन्हा आजपर्यंत नाही.

आरटीओत तर त्याहून कमाल. खिडकी चारवरून सात, सातवरून ‘साहेब मीटिंगला’. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि म्हणाले, ‘हो, टॅक्सीच होती, रेकॉर्डला आहे.’ मग मला का दिसलं नाही? ‘तुम्ही विचारलं नाही.’ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म २९-बी. गाडी त्याच्या ताब्यात गेली की मालकानं २९-सी भरून कळवायचं असतं. म्हणून विचारलं, या डीलरकडे २९-बी आहे का? एवढंच. हो किंवा नाही. ‘लेखी अर्ज द्या.’ दिला. ४१ दिवस झाले. माझं एक कर्जप्रकरण ४१ दिवस अडलं तर मला मेमो मिळतो. (तुम्ही शोरूममध्येच २९-बी मागा. तो भिंतीवर लावायला काय हरकत आहे, २०० पॉइंटच्या बोर्डाशेजारी?)

यात मला एकच जागा अशी सापडली जिथे कोणी ‘उद्या या’ म्हटलं नाही, ती म्हणजे ऑनलाइन भरलेला ग्राहक तक्रारीचा अर्ज. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं, आणि डीलर कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मीच लिहिली, अकरा पानं. ९५ हजारांपाशी आल्यावर पेन थांबलं. पुरावा काय, तर आईनं नोटा मोजल्या होत्या. शेवटी मागणी ६,५२,८३९ रुपयांची आणि मनस्तापाची वेगळी केली.

दोन तारखा झाल्या. दोन्हींना त्यांचे वकील मुदत मागून गेले. तोवर हप्ता ९,६५०, दर महिन्याच्या पाच तारखेला, माझ्याच बँकेत.

गाडी गावात चालते, घर ते ऑफिस, त्यांच्या त्या काल्पनिक डॉक्टरांसारखी. आई अजून मागे डावीकडेच बसते. मागच्या आठवड्यात तिनं त्या दोन बुचांवर गणपतीचं स्टिकर चिकटवलं, बरं दिसत नाही म्हणून. मी ते तिला काढायला लावलं. पुरावा आहे तो.