स्विचसाठी घेतलेलं कॅप्चर कार्ड: आठ महिन्यांनंतर

निन्टेन्डो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर रेकॉर्डिंगसाठी कॅप्चरचं बटण आहेच, मग गेमचं चित्र लॅपटॉपवर नेऊन रेकॉर्ड करणारी ही आणखी एक डबी कशाला, असं घरी पहिल्याच दिवशी विचारून झालं. प्रश्न रास्त होता. ते बटण दाबून धरलं की मागचे ३० सेकंद साठतात, ७२०पी (म्हणजे चित्राच्या ७२० आडव्या ओळी) आणि सेकंदाला ३० फ्रेम्समध्ये. शेवटच्या वळणावर ब्लू शेल (पहिल्या नंबरवाल्याला गाठून उडवणारं निळं कवच) लागून भाची पहिल्यावरून सहाव्या नंबरवर जाते, तेवढं पकडायला हे पुरतं. पण तिला मारिओ कार्टची अख्खी शर्यत आजीला दाखवायची होती. शिवाय काही गेम्समध्ये त्या बटणाने फक्त फोटो निघतो.

मग स्वस्तातलं यूएसबी कार्ड आणलं. खोक्यावर ठळक ४के. बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं, ४के आत येऊ शकतं. लॅपटॉपला मिळतं १०८०पी, तेही ३० फ्रेम्स. स्विच स्वतःच डॉकमधून (टीव्हीला जोडायच्या त्याच्या स्टँडमधून) १०८०पीच्या वर जात नाही, त्यामुळे ४के नाही याचं दुःख नाही. अडचण ६० फ्रेम्सची. यूएसबी २.० ची वाट सेकंदाला ४८० मेगाबिटची, त्यामुळे कार्ड प्रत्येक फ्रेम दाबून लहान करून पाठवतं आणि मारिओच्या लाल टोपीच्या कडा पसरतात. महिनाभर डोकं खाजवून मी ७२०पी ६० वर आलो. शर्यतीत बारकाव्यापेक्षा वेग नीट दिसायला हवा.

ओबीएसच्या (लॅपटॉपवरच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या) खिडकीत बघून खेळायच्या भानगडीत पडू नका. बटण आत्ता दाबायचं आणि गाडी मागाहून वळणार! एकाच चित्राच्या दोन वाटा करणारा एचडीएमआय स्प्लिटर लावून एक वायर टीव्हीला, दुसरी कार्डाला दिली तेव्हा कुठे भाची माझ्याशी बोलायला लागली.

मला खरं खुपतं ते वेगळंच. स्विच डॉकमध्ये ठेवला की त्याचा पडदा बंद. म्हणजे गादीवर लोळत खेळायचं यंत्र रेकॉर्डिंगपुरतं टीव्हीसमोर बांधून ठेवायचं. फोनच्या साध्या चार्जरवर डॉक टीव्हीला चित्र देत नाही, सोबतचा ३९ वॉटचा किंवा त्या तोडीचा लागतो. सुट्टीत गावी गेलो तेव्हा नेमका सोबतचा चार्जरच पुण्यात राहिला होता. आणि स्विच लाइट असेल तर कार्ड घेऊच नका, त्यातून टीव्हीला चित्र जातच नाही.

जूनमध्ये एकदा लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच, तोही गेला. चाळीस मिनिटांची एमपी४ फाइल पुन्हा उघडलीच नाही, कारण त्या फाइलचा नकाशा (आत काय कुठे आहे याची नोंद) साध्या एमपी४मध्ये रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिला जातो. तेव्हापासून एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्येच रेकॉर्ड करतो आणि मग ओबीएसमधूनच रीमक्स करून (चित्र तेच ठेवून फाइलचा फक्त प्रकार बदलून) एमपी४ काढतो. पुढे दोनदा लाईट गेली, दोन्ही वेळा तोवरचं सगळं शाबूत. हे सेटिंग आज बदला, कार्ड कोणतंही असो.

जागेचं म्हणाल तर रेकॉर्डिंग सेकंदाला १५ मेगाबिटने केलं तर तासाला पावणेसात जीबी. मी ८ वर ठेवलंय.

कार्ड तापतं, पण अजून बंद पडलेलं नाही. एवढ्या पैशात पाचपैकी साडेतीन तारे. आईने पहिली पूर्ण शर्यत चष्मा लावून, शेवटपर्यंत पाहिली. मग नातीला म्हणाली, ‘‘छान गं. यातली तुझी गाडी कुठली?’’