निकॉन डी३५०० : आठ महिने वापरल्यानंतर, आणि तो कुठून घेतला याबद्दल

माझी मुलगी बॅडमिंटन खेळते. हॉल बंदिस्त, वर पिवळट दिवे, आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही. मोबाइलवर तिचे दोन वर्षांचे फोटो साठलेत आणि जवळजवळ प्रत्येकात रॅकेटच्या जागी एक राखाडी फराटा आहे. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायचं ठरलं ते एवढ्यासाठीच. पहिला कॅमेरा घेणाऱ्या कुणालाही मी आता हेच आधी विचारते : तुला नेमका कोणता फोटो जमत नाहीये? त्याचं उत्तर सापडलं की निम्मी दुकानं आणि निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

हे कळायच्या आधी मी एक चूक केली. ऑनलाइन सगळ्यात कमी किंमत दिसली तिथून नवा किट, म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी आणि सोबत एक लेन्स, मागवला. त्यासोबत बॅग, तळहाताएवढा ट्रायपॉड, फिल्टर, लेन्सवर स्क्रूसारखी बसवायची एक ‘वाइड’ काच आणि मेमरी कार्ड, असं सगळं फुकट. खोकं उघडलं तर बॉडी तिच्या खोक्यात आणि लेन्स वेगळ्या कोऱ्या पांढऱ्या डबीत. त्या १८-५५ एमएमच्या झूम लेन्सवर ‘व्हीआर’ ही दोन अक्षरं असायला हवी होती, ती नव्हती. निकॉनच्या या लेन्सचे दोन प्रकार आहेत, एक हाताची थरथर सावरणारा आणि एक न सावरणारा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जाहिरातीत फोटो पहिल्याचा होता, आला दुसरा. हमीचं कार्ड पाहिलं तर तेही कंपनीचं नव्हतं, विक्रेत्याने स्वतः छापलेलं होतं.

परत पाठवलं. पैसे यायला एकोणीस दिवस लागले आणि त्या काळात मी रोज फोन केला. त्या विक्रेत्याचं नाव घेत नाही, पण पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. सोबत फुकट वस्तू जितक्या जास्त, तितकी मूळ वस्तू नीट तपासायची. त्या स्क्रूच्या काचेने फोटोच्या कडा धुरकट होतात, आणि तळहाताएवढा ट्रायपॉड डीएसएलआरच्या वजनाने हळूहळू वाकतो. त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

मग मी वापरलेले कॅमेरे विकणाऱ्या एका दुकानात गेले, आणि या लेखात मनापासून शिफारस करायची आहे ती या मार्गाची. डीएसएलआरचे हे सुगीचे दिवस आहेत, अर्थात घेणाऱ्याच्या दृष्टीने. २०१८मध्ये कॅननने आर आणि निकॉनने झेड ही मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची, मालिका आणली, तेव्हापासून दोन्ही कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं. हौशी लोक भराभर तिकडे वळले आणि त्यांचे जेमतेम वापरलेले डीएसएलआर बाजारात आले. डी३५००सुद्धा २०१८चाच, आता बनत नाही. म्हणजे नवा म्हणून मिळाला तरी तो कपाटात पडून राहिलेला असणार. मग चांगला वापरलेला का नको?

दुकानात मी कॅननचा १५००डी आणि निकॉनचा डी३५०० शेजारी ठेवून हाताळले. दोघांचा सेन्सर, म्हणजे आतली फोटो टिपणारी पट्टी, २४ मेगापिक्सेलचा, त्यामुळे तिथे निवड करण्यासारखं काही नाही. फरक हातात घेतल्यावर कळला. निकॉन बॅटरी-कार्डासकट ४१५ ग्रॅम, आणि त्याची मूठ खोल. माझा हात लहान आहे, तरी चारही बोटं नीट बसली. कॅनन सेकंदाला ३ फोटो घेतो, निकॉन ५. शटलवर स्मॅश बसतो तो क्षण पकडायचा तर हे दोन जास्तीचे फोटो मला हवे होते. बॅटरीत तर तुलनाच नाही. कंपन्यांच्या आकड्यांनुसार कॅनन एका चार्जमध्ये सुमारे ५००, निकॉन १५५०. स्पर्धा सकाळी आठला सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालते आणि मी दुसरी बॅटरी घेतलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट ऑनलाइन कधीच कळली नसती. मी चष्मा लावते. फाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीतून, पाहिलं तर आकडे धूसर दिसले, मला वाटलं कॅमेरा खराब आहे. दुकानातल्या बाईंनी फाइंडरच्या कडेची बारीक कळ दाखवली. “ताई, आधी हे तुमच्या डोळ्याला जुळवून घ्या. फोकसचे बिंदू स्वच्छ दिसेपर्यंत हलवा.” तिला डायॉप्टर म्हणतात. दोन-तीन खाचा हलवल्या आणि अकरा काळे बिंदू कोरल्यासारखे समोर आले. मी चष्मा काढून ती कळ पुन्हा जुळवली, तरी स्पष्ट.

आता तपासणी. त्या बाईंनी मला घाई केली नाही, म्हणून मी तासभर तिथे होते. माझं कार्ड आणि लॅपटॉप बरोबर नेला होता. पहिला फोटो माझ्या कार्डावर काढला आणि त्याची माहिती वाचली. निकॉन प्रत्येक फोटोच्या आत शटर किती वेळा चाललंय तो आकडा लिहितो, साधं मोफत सॉफ्टवेअर तो दाखवतं. माझ्याकडे आलेला आकडा ११,३४०. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर लाखाच्या आसपास चालेल असं धरतात, म्हणजे हा अजून कोवळाच. कॅननच्या सुरुवातीच्या मॉडेलांत हा आकडा फोटोत मिळत नाही, तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर आणि बॉडीच्या झिजेवर जावं लागतं. मुठीचं रबर सैल झालंय का, लेन्स बसते त्या धातूच्या कड्याचे स्क्रू कुणी उघडलेत का, तळाचा क्रमांक खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे डोळ्यांनीच बघायचं.

मग एफ/२२ लावून, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान), पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, फोकस मुद्दाम बिघडवून. पडद्यावर मोठा करून पाहिला तर वरच्या डाव्या कोपऱ्यात तीन करडे ठिपके. ही सेन्सरवरची धूळ. लेन्सचं छिद्र बारीक केलं की तिची सावली घट्ट होते, एफ/४ला ती दिसतही नाही. बाईंनी मेन्यूतून आरसा वर उचलला, कॅमेरा तोंड खाली करून धरला आणि रबरी फुग्याने हवा मारली. फोटोत ठिपका वर असेल तर धूळ सेन्सरवर खाली असते, हे तेव्हा कळलं. दोन ठिपके गेले, एक चिकटून राहिला. तो त्यांनी ओल्या स्वॅबने काढून दिला, वेगळे पैसे न घेता. या मॉडेलात सेन्सर झटकून साफ करणारी यंत्रणाच नाही, त्यामुळे फुगा मी तेव्हाच विकत घेतला. तोंडाने फुंकर कधीही मारायची नाही, थुंकीचे कण धुळीपेक्षा वाईट.

लेन्स तपासायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. दोन्ही झाकणं काढायची, मागून तिरपा उजेड टाकायचा आणि समोरून बघायचं. दुकानातल्या पहिल्या १८-५५मध्ये आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले दिसले. बुरशी. सरळ धरली तर ती काच आरशासारखी स्वच्छ वाटत होती. ती बाजूला ठेवली, दुसरी मागितली. त्या बाईंनीही तिच्यावर लगेच चिठ्ठी चिकटवली आणि विक्रीच्या कपाटातून काढली, तिथे माझा विश्वास बसला.

नव्या किटला मोजले होते त्याच्या निम्म्याहून थोड्याच जास्त पैशांत बॉडी आणि व्हीआरवाली लेन्स मिळाली, तीन महिन्यांची हमी बिलावर लिहून. उरलेल्यातून ३५ एमएम एफ/१.८ घेतली, आणि माझ्या फोटोंमध्ये खरा बदल झाला तो तिच्यामुळे. किट लेन्स झूम लांबवल्यावर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. १.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. त्याच हॉलमध्ये, त्याच आयएसओला (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा), शटर १/१२५ सेकंदावर अडकत होतं ते १/१०००च्या पुढे गेलं. फराटा होता तिथे रॅकेटच्या तारा मोजता येतात. हलतो तो खेळाडू, आपला हात नव्हे, त्यामुळे खेळाच्या फोटोला व्हीआरचा उपयोग नाही. घरात संध्याकाळी झोपलेल्या आईचा फोटो काढताना मात्र आहे.

लेन्स घेताना एका गोष्टीत फसायला होतं. निकॉनची जुनी ५० एमएम एफ/१.८डी स्वस्तात मिळते आणि मोह होतो. डी३५००च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ती लेन्स यावर आपोआप फोकस करत नाही. हाताने फिरवायचं आणि फाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका लागेपर्यंत थांबायचं. बॅडमिंटनला ते शक्यच नाही. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेलीच घ्यावी. कॅननच्या ईएफ लेन्सना मोटर लेन्समध्येच असते, तिथे ही चिंता नाही, आणि ज्यांना पुढे बऱ्याच जुन्या ईएफ लेन्स गोळा करायच्यात त्यांना मी कॅननच सुचवेन.

आठ महिन्यांनंतरच्या तक्रारी सांगते. अकरांपैकी फक्त मधला बिंदू आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आहे, म्हणून मी तोच वापरते आणि मुलीला चौकटीच्या मध्यभागी ठेवून नंतर फोटो कापते. फाइंडर सोडून मागच्या पडद्यावरून फोटो काढायला गेलं की फोकस रेंगाळतो, शोधत बसतो. पडदा वळत नाही, त्याला स्पर्श कळत नाही, आणि बाहेरचा माइक लावायला जागाच नाही. व्हिडिओ करायचे असतील तर हा कॅमेरा घेऊच नये, खरं तर डीएसएलआरच घेऊ नये. किट लेन्सवर एक बारीक बटण आहे, ते दाबून लेन्स बाहेर फिरवल्याशिवाय फोटो निघत नाही. सुरुवातीला त्यापायी माझे दोन चांगले क्षण हुकले, आता हॉलमध्ये शिरतानाच ती उघडून ठेवते.

डायलवर ‘गाइड’ नावाची जागा आहे, काय टिपायचंय ते विचारून ती मापं सुचवते. मी तीन आठवडे तिच्यावर शिकले, मग ‘एस’वर आले : शटर मी ठरवते, बाकी कॅमेरा बघतो. परवा तिसऱ्या गेममध्ये मुलगी नेटपाशी झेपावली. १/१०००, आयएसओ ३२००. फोटोत शटलचं एक पीस निसटून हवेत वेगळं दिसतंय. ते तिनेच मला दाखवलं, मला दिसलं नव्हतं.