कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं लढाईच्या जीपांचं गॅरेज: काम कसं आहे आणि कुणी जावं

दुसऱ्या महायुद्धातली जीप, त्या काळातली मिलिटरी सायकल किंवा मोटरसायकल घरी आणून ठेवलीय आणि आता ती नीट कुणाकडून करून घ्यायची या विचारात जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. गॅरेजचं नाव देत नाही कारण त्याला नावच नाहीये, शटरवर पाटी नाही आणि मालकांनी स्पष्ट सांगितलंय की "नंबर बिंबर टाकू नगासा, हायत तीच कामं उरकंनात." उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याला जुन्या जीपवाले मामा कुठे बसतात विचारा, तो हात करून दाखवेल.

माझी गाडी 1943 ची फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे लढाईतली जीप, फोर्डने बनवलेली. सांगलीकडच्या एका मळ्यातून घेतली तेव्हा तिच्यात महिंद्राचं डिझेल इंजिन बसवलेलं, त्यासाठी बॉनेट मधोमध कापलेलं, वरून निळा ऑइलपेंट, सीटा मारुती 800 च्या आणि मागच्या बाजूला ट्रॅक्टरचा हुक वेल्डिंग केलेला. आपल्याकडे बहुतेक जीपांची हीच कथा आहे. लढाई संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजल विक्रीत निघाल्या, शेतावर गेल्या, शिकारीला गेल्या, आणि जे मिळेल ते त्यात बसवत लोकांनी त्या चालवल्या. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, म्हणून तर त्या भंगारात न जाता उरल्या.

याआधी ही गाडी मी पुणे-मुंबईच्या दोन-तीन ठिकाणी दाखवली होती. सगळीकडे उत्तर एकच, बॉडी फेकून द्या, नवीन पत्र्याची बॉडी टाकू, वरती चकचकीत हिरवा मारू, अलॉय व्हील, एलईडी हेडलाइट, म्युझिक सिस्टीम. हरियाणातल्या डबवालीवरून तयार जीप आणायचा सल्ला पण मिळाला. ज्यांना तसली गाडी हवी त्यांनी जरूर आणावी, तिथले कारागीर हुशारच आहेत, पण ती नवीन जीप असते. मला 1943 ची हवी होती.

मामांनी पहिल्या दिवशी कामाला हातच घातला नाही. बॅटरी घेऊन खाली सरकले आणि पुढच्या बंपरमागचा आडवा क्रॉस मेंबर बघितला. विलीज एमबीला (तीच जीप, विलीज कंपनीने बनवलेली) तो गोल पाइपचा असतो, फोर्डला उलट्या यू आकाराच्या पत्र्याचा. मग चॅसीवर डाव्या बाजूला मळ खरवडून पंच केलेला नंबर शोधला. आणि मग एक एक बोल्ट पुसायला लागले. फोर्डने त्या काळी आपल्या गाड्यांच्या बोल्टच्या डोक्यावर एफ अक्षर उठवलेलं असायचं, बोल्टच काय, ब्रॅकेट आणि हुकांवर सुद्धा. मामांकडे बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात नुसते हे एफवाले बोल्ट, भंगारातून वर्षानुवर्षं वेचलेले, साइजप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत बांधलेले. माझ्या गाडीचे जे गायब होते त्यातले बरेच त्या डब्यातून लागले आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत. ज्याला या छंदातलं कळतं त्याला या एका गोष्टीवरून गॅरेजची जात कळेल.

आणि खरं बोलतात, हे फार महत्त्वाचं. मी बसलो असताना एकजण 'वर्ल्ड वॉरची जीप' म्हणून बरेच पैसे मोजून घेतलेली गाडी घेऊन आला. मामांनी लांबूनच सांगितलं की ही लढाईतली नाही, महिंद्राची सीजे-3बी आहे. उंच बॉनेट, ग्रिलला 7 खाचा (लढाईतल्या स्टँपिंगच्या ग्रिलला 9 असतात), मागे उघडणारा फळका, लढाईच्या जीपला मागे फळका नसतोच. तो माणूस हिरमुसला, पण मामांनी त्याला "मग काय झालं, ही बी झ्याक गाडी हाय, हिला हिच्यासारखीच करू" म्हणत तासभर समजावलं. दुसरा कोणी असता तर त्याला तसंच समजू दिलं असतं आणि बॉनेटवर मिलिटरीचे तारे रंगवून पैसे घेतले असते.

आता पत्र्याच्या कामाबद्दल. इथे सँडब्लास्टिंग सरसकट करत नाहीत, चॅसी आणि रिम बाहेरून ब्लास्ट करून आणतात पण बॉडी हाताने उतरवतात, पाणी आणि पॉलिश पेपर. मला आधी वाटलं की यात नुसता वेळ जाणार. मग एका शनिवारी त्यांच्याकडचा पोऱ्या बॉनेटच्या बाजूला पेपर मारत होता आणि निळ्याखाली एक पांढरा, त्याखाली दोन वेगवेगळे हिरवे असे थर निघत गेले, आणि एकदम खाली, मूळच्या मातकट ऑलिव्ह ड्रॅब या मिलिटरी रंगावर, फिकट निळसर रंगातले 2 आणि 0 दिसायला लागले. अमेरिकन आर्मीच्या जीपांचे बॉनेटवरचे नंबर 20 ने सुरू व्हायचे आणि सुरुवातीच्या काळात ते पांढऱ्यात नसून याच निळसर रंगात लिहीत. पोऱ्याने हात थांबवला, मामांना हाक मारली, आणि पुढचं सगळं मामांनी स्वतः बोटाने, अगदी बारीक पेपरने, दुपारभर बसून काढलं. शेवटचे दोन आकडे गेलेले होते, गंजात. पण बाकीचे आहेत. तो तुकडा आम्ही रंगवलाच नाही, आजूबाजूला नवीन रंग आणि मध्ये ती जुनी पट्टी मॅट क्लिअरखाली तशीच ठेवलीय. लेदो रोडवर (आसामातून ब्रह्मदेशात जाणारा लढाईतला रस्ता) चाललेली का आणखी कुठली हे मी सांगू शकत नाही आणि सांगणार पण नाही, पण 80 वर्षांपूर्वी कुणीतरी स्टेन्सिल धरून मारलेला तो नंबर आहे एवढं नक्की, आणि ब्लास्टिंग केलं असतं तर तो 5 मिनिटांत उडाला असता.

बॉनेटचा कापलेला भाग दुसऱ्या एका मेलेल्या बॉनेटमधून पत्रा घेऊन भरलाय, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जवळजवळ नाही, लोहचुंबक लावून बघा म्हणाले, मी लावून बघितला. फ्लोअर मात्र बदलावाच लागला, खाली जाळी झाली होती.

इंजिन. मूळचं गो-डेव्हिल 2199 सीसी, 4 सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, 60 हॉर्सपॉवर. कुर्ल्यातून एक ब्लॉक मिळाला, विकणारा 'ओरिजिनल मिलिटरी' म्हणत होता. मामांनी पुढचं कव्हर उघडलं आणि आत टायमिंग गिअर निघाले. लढाईतल्या इंजिनांना टायमिंग चेन असते, गिअर नंतरच्या सिव्हिलियन गाड्यांत आले. म्हणजे ब्लॉक युद्धानंतरचा. बसतो, चालतो, आवाज तोच, त्यामुळे मी तोच ठेवलाय, पण किमतीत घासाघीस करायला उपयोग झाला. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगं सगळं उद्यमनगरातच चार दुकानं सोडून होतं, आणि हीच तर कोल्हापूरची ताकद आहे, इथे फाउंड्रीपासून लेथपर्यंत सगळं पायी फिरण्याच्या अंतरावर आहे, न मिळणारा पार्ट लोक करून देतात. हेडलाइटचं बिजागर असंच करून घेतलं. या जीपचे हेडलाइट एक विंगनट सैल करून मागे उलटे फिरवता येतात, म्हणजे रात्री बॉनेट उघडून इंजिनावर उजेड पडतो. माझ्या डाव्या दिव्याचं बिजागर गायब होतं, उजवं नमुना म्हणून घेतलं आणि शेजारच्या फिटरने तसंच करून दिलं, आता कुठलं जुनं आणि कुठलं नवीन हे मला सुद्धा हात लावून बघावं लागतं.

वायरिंगवरून बराच वाद झाला. मी 12 व्होल्ट करा म्हणत होतो, मामा मूळचं 6 व्होल्टच ठेवू म्हणत होते. त्यांचं म्हणणं असं की 6 व्होल्टला लोक उगाच नावं ठेवतात, व्होल्टेज अर्धं म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, आणि लोक बॅटरीपासून सेल्फपर्यंत आजच्या कारची बारीक केबल टाकतात, अर्थची वायर रंगावरच कसतात, मग सेल्फ रडत फिरतो आणि दोष 6 व्होल्टला. जाड केबल, अर्थची जागा पत्रा दिसेपर्यंत घासलेली, इंजिनापासून चॅसीला वेगळी पट्टी. थंडीतल्या सकाळी सुद्धा पहिल्या-दुसऱ्या दाबात चालू होते. मामा बरोबर होते. फक्त जास्त चालवायची असेल तर बॅटरी शोधायला त्रास होतो, हे लक्षात ठेवा.

पेट्रोलबद्दल एक सांगतो कारण हे सगळ्यांना लागू आहे. आता पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, जुन्या रबराला खातं. इथे फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकतात, टाकी आतून कोट करतात. टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच आहे, पेट्रोल भरायचं तर उठून गादी उचलावी लागते, त्यामुळे तिथे गळती म्हणजे थेट बुडाखाली. यात काटकसर करू नका.

तसंच रिम. कॉम्बॅट रिम दोन भागांची असते, कडेने नट लावून जोडलेली. टायरमध्ये हवा असताना ते नट कधीही, कधीही सोडायचे नाहीत, रिम फुटल्यासारखी उडते, माणूस जातो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं. मामांनी माझ्या पाचही रिमवर लाल रंगाने आतून खूण करून दिलीय आणि टायर रिमवरून काढताना आधी व्हॉल्व्हची पिन काढायची असं माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

सायकलींचं काम मामांचा धाकटा भाऊ बघतो, मागच्या खोलीत. माझ्या मित्राची बीएसएची पॅराट्रूपर सायकल तिथे झाली. 1942 ते 45 मध्ये बर्मिंगहॅमला बनलेली, विमानातून सैनिकांबरोबर पॅराशूटने टाकायची म्हणून केलेली, फ्रेमच्या वरच्या-खालच्या नळ्या बाकदार आणि दुहेरी, मध्ये बिजागर आणि दोन विंगनट, सोडले की सायकल घडी होते. पेडल म्हणजे नुसती दांडी, घडी करताना आत ढकलायची. मित्राच्या सायकलीला आधीच्या कुणीतरी साधी रबरी पेडलं लावलेली आणि बिजागर चक्क वेल्डिंगने बुजवलेलं. भाऊंनी ते वेल्डिंग ग्राइंडरने न उडवता कानशीने काढलं, दोन आठवडे रोज थोडं थोडं, कारण मधला पत्रा पातळ आहे. आता घडी होते. चालवायला कशी म्हणाल तर जड नाही, पण आपल्या ॲटलसइतकी घट्ट पण नाही, विंगनट दर थोड्या वेळाने हाताने बघावे लागतात. कोल्हापूर-पन्हाळा करायची वस्तू नाही ती.

आता तक्रारी, कारण आहेत. तारीख पाळत नाहीत. दिवाळी म्हणाले की गुढीपाडवा धरा. लेखी एस्टिमेट मिळत नाही, वहीत पेन्सिलने लिहितात, मी आग्रह करून दर महिन्याला त्या वहीच्या पानाचा फोटो घेत होतो आणि तुम्ही पण घ्या. कामाचे फोटो ते स्वतः काढत नाहीत. सीटांचं काम बाहेर देतात, तिथून पहिल्यांदा कॅनव्हासऐवजी रेक्झिन आलं, बदलून दिलं पण त्यात महिना गेला. रंगाची शेड पण आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, उन्हात वाळवून बघा, सावलीत वेगळी दिसते.

खर्च एखाद्या मध्यम नवीन कारइतका झाला, त्यात निम्म्याहून जास्त पार्ट्स. मजुरी पुण्याच्या मानाने बरीच कमी. मागून परत मिळेल या हिशोबाने कुणी करू नये.

कागदपत्रांचं काम ते करत नाहीत, ते आपलं आपण. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. गाडी घ्यायच्या आधी चॅसी नंबर आणि आरसी बुकातला नंबर एक आहे का बघा, मामा सुद्धा कागद बघितल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत.

जायचं असेल तर दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, तेव्हा सगळ्या गावाच्या गाड्या पूजेसाठी रंगवायला आलेल्या असतात आणि मामांना बोलायला वेळ नसतो. पावसाळ्यात गाडी द्या, तेव्हा इंजिन आणि पत्र्याची कामं होतात, रंग पाऊस गेल्यावरच मारतात. दुपारी 1 ते 4 बंद. गाडीतून आधी काढून ठेवलेला एकही जुना तुकडा टाकून देऊ नका, गंजलेला, वाकलेला, तुटका, सगळं पोत्यात भरून बरोबर न्या.